यादीत मागे राहिलेली गाणी फर्माइशीत पुढे का?

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी काही तरुण मुलं जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम बसवत आहेत. बिनाका गीतमाला या रेडिओवरच्या लोकप्रिय गाण्यांच्या कार्यक्रमाच्या वार्षिक यादीत त्या त्या वर्षी पहिली आलेलीच गाणी घ्यायची, असं त्यांनी ठरवलं. यादी हातात आली आणि सगळे गोंधळले. १९६५चं पहिलं गाणं त्यांच्यापैकी कुणालाच येत नव्हतं, १९६९चंही नाही. आणि ‘लग जा गले’, ‘तेरे बिना जिंदगी से’, ‘गाइड’मधली गाणी, ज्यांच्याशिवाय कार्यक्रम उभाच राहणार नाही, ती कुठल्याच वर्षी शिखरावर नाहीत. हे असं का झालं, आणि आता गाणी निवडायची कशी?

मी चाळीस वर्षांहून अधिक काळ वाद्यवृंदांत अकॉर्डियन आणि नंतर कीबोर्ड वाजवला. गणपती, नवरात्र, लग्नं, साखर कारखान्यांचे वर्धापनदिन, बँकांची स्नेहसंमेलनं, सगळीकडे. त्यामुळे उत्तर देतोय ते स्टेजवरून दिसलेलं.

आधी ती यादी काय होती ते नीट समजून घ्या. गीतमाला रेडिओ सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या केंद्रावर, डिसेंबर १९५२मध्ये सुरू झाली. त्याच सुमारास नभोवाणी खातं डॉ. बाळकृष्ण केसकरांकडे आलं होतं. हा आपलाच पुण्याचा माणूस, शास्त्रीय संगीताचा कडवा पुरस्कर्ता. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली आणि सगळा देश सिलोन लावू लागला. सुरुवातीला गीतमालेत क्रमांक नव्हते. सात गाणी वाजायची आणि श्रोत्यांनी त्यांचा लोकप्रियतेचा क्रम लिहून पाठवायचा, अशी ती स्पर्धा होती. पत्रांचा असा पूर आला की पुढे निवेदक अमीन सयानींनी तिला पायदानांचं, म्हणजे क्रमांकाच्या पायऱ्यांचं, रूप दिलं. दुकानदारांकडे रेकॉर्डला असलेली मागणी आणि गावोगावच्या श्रोता संघांची मतं, यांवरून दर आठवड्याला क्रम लागायचा. झारखंडमधल्या झुमरी तलैया या छोट्या गावाचं नाव भारतभर झालं ते अशाच पत्रांमुळे.

आमच्या मिरजेत बुधवारी रात्री आठ वाजता शेजारच्या काकांच्या ओट्यावर आम्ही पोरं बसायचो. शॉर्टवेव्हचा आवाज विहिरीतल्या पोहऱ्यासारखा वर यायचा, खाली जायचा. बिगुल वाजला की काकू पोळ्या टाकायच्या थांबायच्या. तेव्हाचा तो थरार खरा होता आणि मला त्या कार्यक्रमाबद्दल आजही प्रेमच आहे. पण तो मोजायचा काय? या आठवड्यात काय खपलं आणि या आठवड्यात कुणाला काय ऐकावंसं वाटलं, एवढंच. सिनेमा थेटरात चालू असताना गाण्याला जी धाव असते, ती धाव. त्यातही एखादं गाणं ठरावीक आठवडे यादीत राहिलं की त्याला सरताज गीत म्हणून मानानं निरोप दिला जायचा. म्हणजे गाणं वीस वर्षं टिकेल का, हा प्रश्न त्या यादीला कधी विचारलेलाच नव्हता.

आता १९६४ घ्या. त्या वर्षी पहिलं आलं ‘संगम’मधलं ‘बोल राधा बोल’. राज कपूरचा भव्य रंगीत सिनेमा, परदेशातलं चित्रीकरण, शंकर-जयकिशनची भरगच्च वाद्यं. गाणं उत्तमच आहे. त्याच वर्षी राज खोसलांचा ‘वो कौन थी’ हा कृष्णधवल रहस्यपट आला. संगीत मदनमोहन, शब्द राजा मेहदी अली खान. ‘लग जा गले’ त्यातलं. ही चाल दिग्दर्शकाला पहिल्यांदा ऐकताना पसंत पडली नव्हती, असा किस्सा आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे.

साठ वर्षांनी चित्र काय आहे? माझ्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. मध्यंतरात लोक फर्माइशीच्या चिठ्ठ्या देतात, त्या मी कार्यक्रम संपल्यावर त्यात टाकत आलो. शाळेच्या वहीचा फाडलेला कागद, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू, लग्नाच्या अक्षतांचं पाकीट, काय वाट्टेल ते. मोजणी केली नाही, पण डबा उपडा केला की हाताला सारखं लागतं ते ‘लग जा गले’. एका चिठ्ठीवर गाण्याच्या नावाखाली फक्त ‘आईसाठी’ असं लिहिलंय. एकीवर ‘मुलगी उद्या सासरी जाणार’. इचलकरंजीला एका गृहस्थांनी ती चिठ्ठी स्वतः स्टेजपाशी आणून दिली आणि गाणं होईपर्यंत तिथंच उभे राहिले, खुर्चीवर गेले नाहीत.

त्या गाण्यात असं काय आहे ते वाजवणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. पहिली गोष्ट, ते दमवत नाही. चाल तीन-तीन मात्रांच्या झोक्यात आहे, पाळण्यासारखी. ओळ छोट्या तुकड्यांत येते आणि प्रत्येक तुकड्यानंतर गाणाऱ्याला श्वासाला जागा मिळते. लताबाईंच्या गळ्यातलं सूक्ष्म काम सोडलं, तरी चालीचा सांगाडा पहाडी रागाचा आहे, कानाला ओळखीचा, लोकगीताच्या जवळचा. एखादी नवखी मुलगी भीत भीत आली की मी पट्टी तिच्या गळ्याप्रमाणे खाली घेतो. तरी गाण्याचं काही बिघडत नाही. दुसरी गोष्ट, मागे वाद्यं काढून टाकली तरी ते उभं राहतं. एक गिटार पुरते. वसतिगृहात रात्री गॅलरीत बसून मुलं म्हणतात ती अशीच गाणी. तिसरी आणि सगळ्यात मोठी, त्याला सिनेमा लागत नाही. ज्यांनी ‘वो कौन थी’ पाहिलेला नाही त्यांनाही हे गाणं पुरेपूर कळतं, कारण पुन्हा भेट होईल न होईल ही भीती सगळ्यांची आहे. ६ फेब्रुवारी २०२२ला लताबाई गेल्या त्या दिवशी लोकांनी एकमेकांना पाठवलं तेही हेच.

मदनमोहन यांची गोष्ट तर मनाला लागते. ‘अनपढ’, ‘वो कौन थी’, ‘मेरा साया’ इतकं देऊनही त्यांच्या हयातीत त्यांचं एकही गाणं गीतमालेत वर्षाचं पहिलं ठरलं नाही. १४ जुलै १९७५ला ते गेले. ‘लैला मजनू’चं काम अर्धवट राहिलं होतं, ते जयदेवांनी पुरं केलं. त्याच सिनेमातलं मदनमोहन यांचं ‘हुस्न हाजिर है’ १९७७च्या यादीत पहिलं आलं. पुढे २००४मध्ये ‘वीर-जारा’साठी त्यांच्या पेटीत पडून राहिलेल्या चालींवर गाणी झाली आणि तेव्हा कॉलेजात असलेल्या पोरांनी ती उचलली. ज्या माणसाच्या चाली मरणानंतर एकोणतीस वर्षांनी नव्या वाटतात, त्याला बुधवारची यादी काय मापणार!

उलट बाजूला १९६५चं गाणं पाहा. ‘सहेली’मधलं ‘जिस दिल में बसा था प्यार तेरा’. मुकेशचा आवाज, कल्याणजी-आनंदजींचं संगीत. चाल वाईट आहे का? अजिबात नाही. पण त्याच कल्याणजी-आनंदजींनी त्याच वर्षी ‘जब जब फूल खिले’मध्ये ‘परदेसियों से’ दिलं, जे निरोपाच्या प्रत्येक प्रसंगाला आपोआप तोंडात येतं. रागावलेल्या प्रियकराचं गाणं एका माणसाचं राहतं, निरोपाचं गाणं सगळ्या फलाटाचं होतं. ‘सहेली’ हा सिनेमा पुन्हा पुन्हा लागणाऱ्यांपैकी नव्हता, हेही आहेच. पडद्यानं आठवण करून दिली नाही आणि गाण्याला स्वतःचं काम नव्हतं, मग ते विरत गेलं.

१९६९चं पहिलं गाणं, ‘इन्तकाम’मधलं ‘कैसे रहूं चुप’. हे मला वाजवायला फार आवडतं आणि तरीही मी आयुष्यात ते चार-दोन वेळाच वाजवलं असेल. झिंगलेल्या बाईचं गाणं लताबाईंनी गायलंय, म्हणून लोक तेव्हा चकित झाले. पण गाण्याची सगळी गंमत त्या चकित होण्यात आणि त्या गळ्यात आहे. शब्द किती सैल सोडायचा, कुठे अडखळायचं, कुठे हसू येऊ द्यायचं आणि तरी सूर एका केसानंही हलू द्यायचा नाही! आमच्या गायिका तालमीत म्हणून बघायच्या आणि म्हणायच्या, दादा, नको, पब्लिकला वाटेल मी खरंच बेसूर गातेय. त्याच सिनेमातलं, लताबाईंनीच हेलनसाठी गायलेलं ‘आ जानेजां’ मात्र आजही टाळ्या घेतं. तेही अवघड आहे, पण त्याचा मुखडा समोरच्या रांगेतल्या माणसाला ओठांवर घेता येतो. मुखडा पब्लिकच्या ओठांवर गेला नाही तर आपण कितीही चांगलं वाजवा, गाणं स्टेजवरच राहतं.

‘गाइड’बद्दल लोक हळहळतात तेव्हा मला वेगळं सांगावंसं वाटतं. १९६६ला पहिलं आलं ‘सूरज’मधलं ‘बहारों फूल बरसाओ’. फिल्मफेअरचं संगीताचं पारितोषिकही ‘सूरज’लाच मिळालं, एस. डी. बर्मनदांच्या ‘गाइड’ला नाही. जाणकारांनी यावर आजवर किती शाई खर्च केली! माझंही मत ‘गाइड’च्याच बाजूनं आहे. पण ‘बहारों फूल बरसाओ’ला कमी लेखू नका. महाराष्ट्रातल्या कुठल्याही बँडवाल्याला विचारा, नवरदेव मांडवाच्या दारात आला की क्लॅरिनेट कोणतं गाणं उचलते. ते यादीतही पहिलं आलं आणि टिकलंही, कारण त्याला लग्नात नोकरी मिळाली. ‘गाइड’च्या गाण्यांचं असं झालं की एकाच सिनेमात सहा-सात गाणी अव्वल. कुणी ‘तेरे मेरे सपने’ला मत द्यायचं, कुणी ‘पिया तोसे’ला, कुणी ‘दिन ढल जाये’ला. मतं वाटली गेली असणार, असं मला वाटतं. पण ज्या सिनेमातलं एकेक गाणं एकेका प्रकारच्या माणसानं आपलं मानलं, त्या सिनेमाला पुढे कुणी विसरू शकलं नाही.

१९७५ हे वर्ष मला सगळ्यात बोलकं वाटतं. पहिलं गाणं ‘रोटी कपडा और मकान’मधलं महागाईवरचं. वर्मा मलिक यांचे शब्द, लक्ष्मीकांत-प्यारेलालची कव्वालीची बांधणी, लता, मुकेश, चंचल आणि जानी बाबू कव्वाल असे चार आवाज. तेव्हा लोक रॉकेल आणि साखरेच्या रांगेत उभे होते. रेशनच्या दुकानाबाहेर रेडिओवर ते लागलं की माणसं मान डोलवायची. त्या वर्षाचं म्हणून याहून योग्य गाणं नव्हतं. त्याच वर्षी गुलजार आणि राहुलदेव बर्मन यांचा ‘आंधी’ आला. आणीबाणीत त्याच्या प्रदर्शनावर बंदी घातली गेली. म्हणजे गाण्याला ढकलणारा सिनेमाच पडद्यावरून काढून घेतला. तरीही ‘तेरे बिना जिंदगी से’ घराघरांत राहिलं.

ते का राहिलं, हे मला एका कार्यक्रमात कळलं. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात बँकेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांचा निरोप समारंभ होता. ते स्वतः म्हणाले, मी आणि ही मिळून एक गाणं म्हणणार. दोघांनाही गळा नव्हता. ‘तेरे बिना’ सुरू केलं. पहिल्या अंतऱ्याला वहिनी चुकल्या, साहेबांनी हात धरला, मी तोच म्युझिक पीस पुन्हा फिरवला आणि त्या पुन्हा शिरल्या. तक्रार आहे आणि तरी तक्रार नाही, असं तीस-पस्तीस वर्षांच्या संसाराचं मोजमाप त्या गाण्यात आहे. विशीतल्या माणसाला ते आवडतं, पन्नाशीतल्या माणसाला ते स्वतःचं वाटतं. गीतमालेला पत्रं लिहिणारे बहुतेक तरुण होते. त्यांचं वय वाढल्यावर त्यांचं मत बदललं, पण तोवर त्या वर्षाची यादी बंद झाली होती.

आणखी एक कारण आहे, त्याकडे कुणी लक्ष देत नाही. गाणं ऐकण्याची वेळ. गीतमाला आठवड्यातून एकदा, सगळं घर जागं असताना, धामधुमीत ऐकायची गोष्ट होती. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ला सुरू झाली आणि तिथं गाणी रोज लागू लागली, तीही वेळेच्या स्वभावाप्रमाणे. रात्री ‘छायागीत’ लागायचं तेव्हा दिवे मालवलेले असायचे. तिथं उडत्या चालीचं पहिल्या नंबरचं गाणं शोभत नाही. तिथं लागतं संथ गाणं, आणि तेच वर्षानुवर्षं लागत राहतं. पुढे कॅसेट आल्या. त्या भरल्या गेल्या गायकाप्रमाणे आणि भावाप्रमाणे, वर्षाप्रमाणे नाही. ट्रकवाल्याला दर्दभरी गाणी हवी असायची, ती १९६४ची की १९७५ची याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही. आमच्या ग्रुपमध्ये बरीच वर्षं मडगावचे एक सॅक्सोफोनवाले होते. आम्ही त्यांना अंकल म्हणायचो. गोव्याच्या लग्नांत वाजवून तयार झालेला माणूस. ते तालमीआधी हात गरम करायला ‘प्राउड मेरी’ वाजवायचे. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडचं ते गाणं. या बँडची पाच गाणी १९६९ आणि ७०मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, पहिल्यावर एकही नाही. अंकलना यादी ठाऊक नव्हती. त्यांना एवढंच ठाऊक होतं की हे सुरू केलं की मांडवातला म्हाताराही उठून नाचतो.

आणि आपल्या मराठी गाण्यांना तर अशी यादीच नव्हती. गीतमाला हिंदी सिनेमाच्या गाण्यांची. ‘शुक्रतारा मंद वारा’ कुठल्या पायदानावर चढणार? पाडगावकरांचे शब्द, खळेकाकांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. सिनेमा नाही, नट नाही, पोस्टर नाही. १९६२पासून आजपर्यंत ते चालत आलंय ते केवळ एकानं म्हटलं आणि दुसऱ्यानं उचललं म्हणून. आकाशवाणी पुणे केंद्रावर १९५५च्या रामनवमीला ‘गीतरामायण’ सुरू झालं. ५६ गाणी, दर आठवड्याला एक. त्यातल्या कुठल्या गाण्याचा क्रमांक पहिला, हे कुणी विचारलं नाही आणि घरोघरी लोक उदबत्ती लावून रेडिओसमोर बसले. गाणं टिकायला स्पर्धा लागत नाही, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार?

आता तुमच्या कार्यक्रमाचं बोलू. फक्त पहिल्या क्रमांकाची गाणी, हा हट्ट सोडा. पण यादी फेकूनही देऊ नका. निवेदनासाठी ती सोन्यासारखी आहे. वर्ष सांगा, त्या वर्षीच्या पहिल्या गाण्याचा फक्त मुखडा वाजवा आणि मग त्याच वर्षातलं लोकांनी जपलेलं गाणं पूर्ण म्हणा. १९६०ला आधी ‘जिंदगीभर नहीं भूलेगी’ आणि मग ‘प्यार किया तो डरना क्या’. १९७०ला ‘बिंदिया चमकेगी’च्या मागोमाग ‘मेरे सपनों की रानी’. १९८३ला ‘शायद मेरी शादी का खयाल’ आणि लगेच ‘मासूम’मधलं ‘तुझसे नाराज नहीं’. समोर बसलेल्यांना आपलं वय त्या दोन गाण्यांमध्ये सापडेल. १९७१चं ‘जिंदगी एक सफर’ मात्र पूर्ण घ्या, ते यादीतही पहिलं आणि सभागृहातही पहिलंच.

गायक निवडताना मुखडा सगळ्यांना म्हणता येईल अशीच पट्टी ठेवा. ज्येष्ठांचे आवाज खाली उतरलेले असतात. मूळ रेकॉर्डच्या पट्टीचा अभिमान धरलात तर ते नुसते ऐकत बसतील. ‘लग जा गले’ शेवटी ठेवू नका, मध्यंतरानंतर दुसरं किंवा तिसरं ठेवा. शेवटी ठेवलं की लोक उठताना डोळे पुसत उठतात आणि जिन्यावर गर्दी असते, वयस्कर माणसांना ते बरं नाही. आणि मध्यंतरात चहाबरोबर एक डबा फिरवा, कोरे कागद आणि चार-पाच पेनं त्याच्यासोबत द्या. ज्यांना लिहिताना हात थरथरतो त्यांच्याजवळ एखादी मुलगी बसवा, तिनं विचारून लिहून घ्यावं, गाण्याचं नाव आणि कुणासाठी ते. कार्यक्रमातली शेवटची वीस मिनिटं त्या चिठ्ठ्यांसाठी रिकामी ठेवा. तिथं काय काय निघालं, ते मला नक्की कळवा.